सूर्य बुडताना चहा मिळणार नाही

आमच्या आंबेखोलच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, जिथून तोंडवलीचा समुद्र पायाखाली दिसतो, तिथे माझ्या थोरल्या जावेचं, मथुरेचं होम-स्टे आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे काजूची बाग आणि बागेमागे ऐन-किंजळीचं रान. वाटेवर पाटी आहे : ‘सागरसावली. डोंगर, जंगल, समुद्र. रोमँटिक मुक्काम.’ आणि त्याच्या खाली, वेगळ्या हातानं, जाड ब्रशनं लिहिलंय : ‘सूर्य बुडताना चहा मिळणार नाही.’

पुण्या-मुंबईचे पाहुणे ती ओळ वाचून हसतात. माझं घर वाटेवरच, त्यामुळे काहीजण मलाच विचारतात, “मावशी, चहाची खरी वेळ तर तीच ना?” एका शहाण्यानं तर इंटरनेटवर लिहिलं, जागा स्वर्ग आहे, पण माणसं आळशी. आळशी! मथुरा आळशी! शिरा पडो त्याच्या तोंडार. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात राग आहे, म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते. मी शर्मिला. माझा जन्म अंगणवाडीत पोरं सांभाळण्यात गेला, त्यामुळे लिहायला बसले की शुद्ध लिहिते. चिडले की मालवणी येतं, त्याला इलाज नाही.

मथुरा वयनीचं माहेर रेडीचं. लग्न होऊन आली तेव्हा भावोजी, म्हणजे गुरुदास, मालवाहू बोटीवर खलाशी होते. पुढे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम झाले, मोठा मान मिळाला, पण वर्षातले दोन-अडीच महिने घरी आणि बाकी सगळं पाण्यावर. ते आले की घरात चॉकलेटं, साबण, परदेशी टॉवेल. गेले की तेच टॉवेल दोरीवर. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं सगळं तिनं केलं. मुलाला, अनिशला वाढवलं तिनं. ह्या सड्याच्या कातळावर जिथं गवत धड उगवत नाही, तिथं डोक्यावरून पाणी नेऊन काजू जगवले तिनं. आणि ह्या सगळ्यात एक काम ती कायम करत असायची, ते म्हणजे वाट बघणं. कोणी विचारलं, “घोव कधी येतलो गो?” तर म्हणायची, “येतले, येतले,” आणि हातातलं काम पुढे चालू.

अनिश नोकरीला पनवेलला गेला आणि ती घरात एकटी राहिली. अशात एकदा भर पावसात कुठलीशी दोघं भटकत सड्यावर आली. हिनं काजू ठेवायची खोली झाडून त्यांना दिली, पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी वाढली. दुसऱ्या दिवशी ती दोघं जाईचनात. तिथून हे होम-स्टे सुरू झालं. ‘रोमँटिक’ हा शब्द अनिशचा. वयनीला तो धड म्हणता येत नव्हता, पण पाटीवर शोभतो म्हणाली.

मग तिनं सगळं शिकून घेतलं. पाहुण्यांशी शुद्ध बोलायचं. “या, बसा. किती दिवसांसाठी?” हे पहिलं वाक्य. “आधार कार्ड दाखवा,” हे दुसरं. पोलीस पाटलानं एकदा सांगितलं की कार्डाशिवाय कोणाला ठेवायचं नाही, बस्स, मथुरेनं ते देववाक्य धरलं. तिचा सख्खा भाचा नवी बायको घेऊन आला, त्याच्याकडेही मागितलं! तो म्हणाला, “आत्ये, तू माका न्हाणयलंस, आणि कार्ड कसला मागतंस?” तरी कार्ड बघितल्याशिवाय खोली उघडली नाही.

येणारी बहुतेक नवी लग्न झालेली जोडपी. प्रत्येक नवरीच्या उशीवर वयनी अबोलीचा वळेसर ठेवते, स्वतः गुंफलेला. तिच्या स्वतःच्या केसात मात्र मी तो कधी बघितला नाही. आणि संध्याकाळी सगळी पडवीत जोडीनं बसून सूर्य बघायची, तेव्हा ही चुलीपुढे, कारण त्याच वेळी सगळ्यांना चहा आणि गरम कांदाभजी हवी. इतक्या माणसांना तिनं तो सूर्य दाखवला, पण तिला स्वतःला दिसायची ती कढई.

गेल्या मे महिन्यात भावोजी निवृत्त होऊन कायमचे घरी आले. आम्हाला वाटलं, आता वयनीचे दिवस आले. कसले काय! रिक्षातून उतरले, पाटी वाचली आणि पहिलं वाक्य, “ह्या रोमँटिक कोणाचा?” तिथूनच बिनसलं. जन्मभर दुसऱ्यांच्या बोटीवर राहिलेला माणूस, त्याला घरी आल्यावर घर हवं होतं, आणि घरात तर परकी माणसं, आंघोळीचं गरम पाणी मागणारी. पडवीत स्वतःची खुर्ची ठेवली, तीही समुद्राकडे पाठ करून. दिवसभर फणसाकडे तोंड. पाहुण्यांनी नमस्कार केला तर मान हलवायची की न हलवायची, ह्याचाही विचार करायचे.

शेवटी त्यांनी ठरवून टाकलं. होम-स्टे बंद करायचं आणि दोघांनी अनिशकडे पनवेलला जाऊन राहायचं. त्यांनी दोन तिकिटंही काढली. वयनी ना हो म्हणाली, ना नाही. मला मात्र काजू सोलता सोलता म्हणाली, “शर्मिला, जल्मभर देवाकडे मागलंय, ह्यांका घरी आण म्हणान. आणल्यान. आणि आता ह्ये आसत तर डोंगर नाय, डोंगर आसा तर ह्ये नाय.”  

तेवढ्यात गावपळण लागली.

बाहेरच्यांना सांगते. आमच्या गावची रीत आहे, काही वर्षांनी एकदा देवाला गाव मोकळा हवा असतो. देवाचा कौल झाला की माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, सगळ्यांनी तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायचं. घराला कुलूप, चुलीला पाणी. गावात पाऊल टाकायचं नाही. पलीकडे व्हाळ, म्हणजे ओढा ओलांडला की शेजारच्या गावचं रान लागतं, तिथं चुडतांच्या, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या खोपी बांधायच्या आणि राहायचं. चौथ्या दिवशी मानकरी तेवढे देवळात जाऊन कौल घेतात. देवानं दिला की गाव पुन्हा भरतो. आम्हाला ह्याचं भय नाही, उलट मजा असते. पण तारीख देव ठरवतो, ती आधी कळत नाही. आणि मथुरेनं गणपतीतच एका जोडप्याचं बुकिंग घेऊन ठेवलं होतं, नेमकं त्याच दिवसांचं.

तिनं फोन केला. नीट समजावलं की खोल्या बंद, वीज नाही, आम्ही सगळेच रानात. पलीकडून ती मुलगी, तन्वी, आनंदानं ओरडली, “काकू, आम्हाला असंच काहीतरी हवं होतं!” आता काय करायचं? भावोजी कडाडले, “सांग त्यांका, येव नका. खोपीत पावणे ठेवतंस? लोक हसतीत.” वयनी म्हणाली, “शब्द दिलंय.” आणि कोयता घेऊन निघाली.

व्हाळापलीकडे उतारावर, जिथून समुद्र सरळ दिसतो, तिथं ती एकटीच मेढी रोवत होती. गावातले सगळे मोठ्या खोपींच्या घाईत. भावोजी लांबून बघत होते. तिनं दोरीला गाठ मारली, ती सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा मात्र त्यांना राहवेना. सारंगाच्या डोळ्यांपुढे कोणी चुकीची गाठ मारली तर त्याच्या अंगाचा तिळपापड होतो. “सोड ता! सोड म्हणतंय!” असं करत आले आणि तिचं सगळं काम उकलून टाकलं. मग जे बांधलं ते बघायला सगळा गाव जमला. चुडतांचा दुहेरी थर, बोटीवरच्या गाठी, वाऱ्यानं एक पान हलायचं नाही. दार समुद्राकडे ठेवलं. मी म्हटलं, “भावोजी, तुमका तर समुद्र नको.” तर म्हणाले, “माका नको. पावण्यांका व्हयो आसता.” वयनी पाठमोरी होती, पण हसली ते मला खांद्यावरून कळलं.

ज्या दिवशी गाव सोडायचा, त्या सकाळी भावोजींनी पनवेलची बॅग भरून पडवीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवली. तिकिटं नेमकी चौथ्या दिवशीच्या गाडीची होती. सकाळी गाव भरला की बॅग उचलायची आणि कुडाळ स्टेशन गाठायचं, असा हिशेब. बॅगेत कपडे, गोळ्या, आधार कार्ड, सगळं. आमच्या माणसानं असा हिशेब करावा म्हणजे कमाल झाली! देवाच्या सवडीवर रेल्वेची गाडी धरतं का कोणी? पण त्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही. देवळात ढोल वाजला, कुलपं लागली, आणि आम्ही गुरं-कोंबड्यांसकट व्हाळ ओलांडला.

तन्वी आणि तिचा नवरा ओमकार दुपारी आले. बाबली रिक्षावाल्यानं कसालहून आणलं. वयनीनं रानात उभं राहून विचारलं, “किती दिवसांसाठी?” आणि कार्डं बघितली. आतमध्ये गवतावर वाकळ, वाकळीवर स्वच्छ चादर, आणि उशीवर अबोलीचा वळेसर. तन्वीनं तो लगेच माळला. रात्री आमच्या फुगड्यांत नाचलीसुद्धा. पण सकाळ झाली आणि ओमकारच्या अंगावर हुमले चढले. हुमले म्हणजे आमच्याकडचे लाल मुंगळे, झाडावरून उतरतात आणि चावले की माणूस उभा नाचतो. तो नाचला. त्या पोराचा काही दोष नाही, आम्हीही नाचतो. पण त्याला मालवणातलं एसीचं हॉटेल आठवलं. तन्वी वयनीच्या गळ्यात पडून रडली, मग दोघं गेली.

खोप रिकामी राहिली. वयनी उगाच चादर सारखी करत बसली. बायका सगळ्या एका मोठ्या खोपीत झोपायच्या, पुरुष दुसऱ्या खोपीत.  मी सरळ वयनी-भावोजींच्या वळकट्या उचलल्या आणि त्या खोपीत नेऊन टाकल्या. वयनी धावत आली, “अगो, काय करतंस? लोक काय म्हणतीत?” मी म्हटलं, “एवढी वाकळ घातलंस ती काय कोल्ह्यांसाठी?” बायका अशा हसल्या की वयनीचं तोंड लालेलाल. भावोजींनी घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं, आणि आपली विडी घेऊन खोपीच्या दारात जाऊन बसले. गावात घर बंद, पाहुणे पळालेले, फणस व्हाळापलीकडे. पाठ करायला तिथं जागाच नव्हती. समोर नुसता समुद्र.

संध्याकाळी मी तिसल्यांचं कालवण घेऊन गेले. दोघं दारात बसलेली, मध्ये हातभर अंतर. वयनी एकटक समोर बघत होती. मला बघून म्हणाली, “शर्मिला, ह्यो असो बुडता? मी बघूकच नाय गो कधी. ह्या वेळाक माझी कढई तापता.”  एवढी वर्षं त्याच डोंगरावर राहते ही.

मग भावोजी बोलले. हळू, समुद्राकडे बघत. मी ऐकलं, कान काही मी कुलपात ठेवून आले नव्हते. म्हणाले, “बोटीर सांजवेळ झाली की मी डेकार येवन उभो रवय. मनात म्हणय, आता मथुरान तुळशीकडे दिवो लावल्यान आसतलो. आणि मधी ह्या सगळा पाणी. दर सांजेक तांच. तेवापासून माका समुद्र बघूक नको वाटता. ह्येका बघलंय की घर लांब वाटता.”

 वयनी म्हणाली, “पण आता तुमी पाण्याच्या अल्याड आसास मां?”

 मी कालवण ठेवलं आणि आले. त्या रात्री मला माझाच राग आला, की ह्या माणसाला आम्ही सगळ्यांनी आठ महिने आढ्यताखोर ठरवलं. बिचारा.

पण तिकिटं होतीच. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी वयनीला विचारलं, “मगे, उद्या येतंस मां?” ती नुसतीच मातीत बोट फिरवत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी देवळातून परत आले. सगळा गाव सामान बांधून उभा. म्होरक्यानं सांगितलं, “देवान कौल देवक नाय. आजचो दिवस भायरच.” झालं! पोरांनी आरोळ्या ठोकल्या, त्यांना आणखी एक दिवस शाळा नाही. आणि भावोजी उभ्याचे उभे. रात्रीची गाडी, बॅग घरात, घर वेशीच्या आत. बाबली मध्येच म्हणाला, “दादा, चल असोच. मी सोडतंय कुडाळाक. टीसी माझ्या वळखीचो आसा.” ह्या बाबलीच्या ओळखीचा नाही असा माणूस जिल्ह्यात जन्मायचाय अजून.

भावोजी वयनीकडे वळले. सगळ्यांसमोर विचारलं, “येतंस?”

तिनं पदरानं कपाळ पुसलं. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू आला. “तुमी जावा. गाडी चुकवू नकात. तुमची वाट बघूक माका येता. जल्मभर तांच केलंय, पुढेय करीन. पण हो डोंगर सोडूक माका जमाचा नाय.”

 भावोजींनी मान खाली घातली, चपला घातल्या आणि रिक्षात बसले. खरंच बसले! मी इतकी चिडले की हातातला टोप आपटला. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली. वयनी खोपीत गेली, चादर झटकली, पुन्हा अंथरली. पुरुषांसाठी चहा टाकला, भांडी घासली. डोळे कोरडे. मी जवळ गेले तर म्हणाली, “माका काय नवीन आसा गो ह्या?” आणि तेव्हा मात्र मीच रडले, तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.

दिवस कलला. वयनी पुन्हा तीन दगडांच्या चुलीशी, पोरांसाठी भजी काढायला. तेवढ्यात खालून रिक्षाचा आवाज. वर चढली ती रिक्षा बघून पोरं खिदळायला लागली, कारण टपावर दोन लाल प्लास्टिकच्या खुर्च्या बांधल्या होत्या. गाठी बघूनच मी ओळखलं, बाबलीच्या बापाला तशा येणार नाहीत.

बाबली उतरल्या उतरल्या मला सांगायला लागला, “कसालच्या नाक्यार चाय घेतली. चाय तशीच ठेवल्यान. माका म्हणालो, बाबली, फिरव. मगे बाजारात ह्ये खुर्च्ये.” मी त्याला गप्प केलं, कारण भावोजी खुर्च्या सोडून खोपीकडे निघाले होते. त्यांनी त्या दारापुढे मांडल्या. दोन्ही. दोन्हींची तोंडं समुद्राकडे.

मग ते चुलीपाशी आले आणि पाहुण्यासारखे अदबीनं उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा शुद्ध बोलले. “मालकीणबाई, खोली आहे का?”

वयनीच्या हातात झारा तसाच. भजी करपायला लागली. तिनं त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, आवाज तिचा नेहमीचा, पाटीखालच्या मालकिणीचा. “किती दिवसांसाठी?”

शुद्ध मराठी तिथंच संपलं. “जल्मभर रजेचे दिवस मोजलंय, मथुरा. आता मोजूचे नाय.”

“आधार कार्ड?”

“ता बॅगेत. बॅग घरात. घर देवाच्या ताब्यात.”

“मगे तोपर्यंत भायर बसा,” वयनी म्हणाली. “कार्डाशिवाय मी कोणाक खोली देणंय नाय.”

अख्खा गाव हसला, म्हातारे मानकरीसुद्धा. तिनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली, झारा माझ्या हातात दिला, हात धुतले. जाऊन खुर्चीत बसली. भावोजी शेजारच्या खुर्चीत. समोर सूर्य पाण्याला टेकत होता.

आणि हा बाबली, दिवसभर रिक्षा हाकून दमलेला, पाठीमागून ओरडतो कसा, “वयनी, माका चाय तरी टाक गो!”

मथुरेनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. “आता चाय मिळाची नाय,” ती म्हणाली. “सूर्य बुडता.”